अकरावी-बारावी गहाण पडली आहे

दहावीचा निकाल लागतो, घरात पेढे येतात आणि पेढ्यांचा पुडा रिकामा होण्यापूर्वीच आप्तेष्टांचा प्रश्न येतो, "मग क्लास कोणता लावणार?" महाविद्यालय कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा. अनेक घरांत तो विचारलाही जात नाही; कारण क्लासच्या भरभक्कम शुल्कातच एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयातील प्रवेशाची सोय अंतर्भूत असते. या व्यवस्थेला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव आहे. सरळ मराठीत सांगायचे, तर नाव एका ठिकाणी नोंदवायचे आणि शिकायचे दुसऱ्याच ठिकाणी. हजेरीपटावर विद्यार्थी उपस्थित असतो, वर्गातील बाक मात्र रिकामा असतो. प्रात्यक्षिकांची वही पूर्ण असते, पण प्रयोगशाळेतील परीक्षानळीला त्या विद्यार्थ्याचा हात कधी लागलेला नसतो.

डॉक्टर किंवा अभियंता होऊ पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या तयारीचा पहिला धडा अशा रीतीने खोट्या हजेरीचा असतो आणि तो आईवडिलांच्या संमतीने दिला जातो. संस्कारांची काळजी वाहणाऱ्या घरांतही या गोष्टीचे कोणाला वावगे वाटत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे. प्रवेश परीक्षांचा ताण, क्लासचे अर्थकारण, पेपरफुटी या विषयांवर बरीच चर्चा होते. पण या साऱ्याच्या मुळाशी जे दुखणे आहे, त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. अकरावी आणि बारावी ही शिक्षणाची दोन वर्षे महाविद्यालयाच्या हातून निसटली आहेत. ती परत मिळवल्याशिवाय बाकीचे उपाय वरवरचे ठरतील.

परीक्षा आली कशासाठी?

प्रवेश परीक्षेला सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि व्यावसायिक शिक्षणाची दारे विस्तारली. त्याबरोबरच देणगीचे पाकीटही आले. गुणवत्ता असूनही पैशाअभावी मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांची एक पिढी त्या काळाने पाहिली. निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना कशी करायची, हाही प्रश्न होताच. 'इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारदर्शक प्रवेशासाठी सामाईक परीक्षेचे तत्त्व मान्य केले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. वैद्यकीय शिक्षणासाठी देशभर एकच परीक्षा असावी म्हणून 'नीट' प्रथम २०१३ मध्ये घेतली गेली. न्यायालयीन वादात ती रद्द झाली आणि २०१६ मध्ये पुन्हा लागू झाली. खासगी महाविद्यालयांच्या वेगवेगळ्या परीक्षा आणि त्यांभोवतीचा बाजार त्यामुळे बंद झाला, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र एक परिणाम कोणी योजला नव्हता. प्रवेश परीक्षेचे वजन वाढले तसे बारावीचे वजन घटत गेले. आज आयआयटी किंवा एनआयटीसाठी खुल्या वर्गातील विद्यार्थ्याला बारावीत ७५ टक्के गुणांची अट आहे. 'नीट'साठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात मिळून ५० टक्के पुरतात. हा उंबरठा ओलांडला की बारावीचे गुण गुणवत्ता यादीत कामाला येत नाहीत. महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीसाठी बारावी आणि 'जेईई मेन' या दोहोंचे गुण एकत्र धरून पाहिले. परंतु २०१६ पासून राज्याची 'सीईटी' परत आली आणि तो प्रयोग तेथेच थांबला. ज्याला वजन नाही, त्यासाठी कोणी वेळ देत नाही. विद्यार्थ्याने महाविद्यालयाकडे पाठ फिरवली ती आळसापोटी नव्हे, तर व्यवस्थेनेच त्याला तो हिशेब शिकवला.

२०१८ मध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२४ मध्ये दिल्ली आणि राजस्थानातील अशा नाममात्र शाळांवर अचानक तपासणी करून त्यांतील २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. हे उपाय योग्यच आहेत. तथापि बोटाचा ठसा विद्यार्थ्याला फाटकापर्यंत आणू शकतो. वर्गात त्याचे मन रमवण्याचे काम शिक्षकाचे आहे.

लातूरचा विसरलेला धडा

या संदर्भात लातूरचे उदाहरण पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे. 'लातूर पॅटर्न' म्हटले की आज डोळ्यांपुढे क्लासच्या इमारती, वसतिगृहांच्या रांगा आणि यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे असलेले फलक येतात. त्याचा उगम मात्र महाविद्यालयाच्या वर्गात झाला होता. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय या संस्थांतील प्राध्यापकांनी बारावीच्या विद्यार्थ्यांवर कसून मेहनत घेतली. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव या प्रयत्नाशी जोडले गेले आहे.

त्या पद्धतीत कोणतीही जादू नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी पूर्ण करायचा, उरलेल्या महिन्यांत उजळणी करायची, वारंवार सराव परीक्षा घ्यायच्या, उत्तरपत्रिका तपासून त्यातील चुका विद्यार्थ्याला समोर बसवून दाखवायच्या आणि मागे पडलेल्यांना वेगळा वेळ द्यायचा, असा तो सरळ मार्ग होता. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे मराठवाड्यातील दुष्काळी भागातली मुले टिकाव धरणार नाहीत, हा समज त्या प्राध्यापकांनी गुणवत्ता यादीतून खोटा ठरवला. घोकंपट्टीचा आरोप या पद्धतीवर झाला आणि तो अगदीच निराधार नव्हता. तरीही दोन गोष्टी निर्विवाद आहेत. शिकवणारा शिक्षक महाविद्यालयाचाच होता आणि शिकणाऱ्याला त्यासाठी घरदार विकावे लागत नव्हते.

पुढे मंडळाच्या परीक्षेची जागा प्रवेश परीक्षेने घेतली आणि त्या मेहनतीचा पत्ता बदलला. अनेक गावांतील महाविद्यालयांनी सराव परीक्षा आणि शंकानिरसन या गोष्टी क्लासकडे सोपवल्या. त्यात कोठे अनुदानाची चणचण होती, कोठे रिक्त पदांचा प्रश्न होता, तर कोठे निव्वळ अनास्था होती. लातूरने दाखवलेला मार्ग महाविद्यालयाला बळकट करणारा होता. त्या मार्गाचे नाव तेवढे राहिले, मूळ आशय बाजारात गेला.

कोट्याचा इशारा

हा बाजार टोकाला गेला की काय होते, हे राजस्थानातील कोटा शहराने दाखवले आहे. तेथील कथेचा आरंभही सात्त्विक होता. जे. के. सिंथेटिक्स या कारखान्यात अभियंता असलेले व्ही. के. बन्सल यांना स्नायूंच्या दुर्धर आजाराने ग्रासले, तेव्हा त्यांनी घरच्या मेजाभोवती काही मुलांना गणित शिकवण्यास प्रारंभ केला. १९९७ मध्ये तो कारखाना बंद पडला आणि शहराच्या अर्थव्यवस्थेला शिकवण्यांनी आधार दिला. मेजाभोवतीच्या त्या चार-दोन मुलांची संख्या कालांतराने लाखाच्या घरात गेली.

त्याच कोट्यात २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा प्रशासनाने क्लासमधील चाचण्या दोन महिने थांबवण्याचा आदेश दिला आणि वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसवण्यास सांगितले. मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत पंख्याला स्प्रिंग बसवावी लागते, याहून अधिक कठोर टीका या व्यवस्थेवर दुसरी कोणती असू शकेल? हा प्रश्न केवळ राजस्थानचा आहे, अशा समजुतीत महाराष्ट्राने राहू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला आहे. त्यातील प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असे नाही. पण इतकी कोवळी आयुष्ये गळून पडत असताना समाजाने आकडे वाचून पान उलटावे, हे शोभणारे नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, यशाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे बजावले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शिक्षणसंस्था आणि क्लास या दोहोंना निर्देश दिले. तरीही आठवीपासूनच्या 'फाउंडेशन' वर्गांना विद्यार्थी मिळतात, कारण मागणी घरातून येते. पालकांच्या मनातील भीती शासनाच्या परिपत्रकाने जात नाही.

आकडे काय सांगतात?

ही भीती दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे आकड्यांकडे शांतपणे पाहणे. २०२४ मध्ये 'जेईई मेन' सुमारे १४ लाख विद्यार्थ्यांनी दिली. आयआयटीच्या जागा होत्या १७,७४०. त्याच वर्षी 'नीट'ला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा एक लाखापेक्षा थोड्या अधिक होत्या आणि त्यांतील सुमारे निम्म्याच शासकीय महाविद्यालयांत होत्या. म्हणजे सर्वांनी जिवापाड अभ्यास केला, सर्वांनी सर्वोत्तम क्लास लावला, तरीही बहुसंख्य विद्यार्थी या जागांबाहेरच राहणार. हे अंकगणित आहे. त्यात मुलाच्या योग्यतेचा निवाडा नाही. क्लासच्या फलकावर झळकणाऱ्या छायाचित्रांच्या मागे न झळकलेल्यांची जी रांग उभी असते, तिच्यात आपले मूल असू शकते, हे पालकांनी प्रवेश घेतानाच मनाशी मान्य करायला हवे.

दुसरीकडे, गेल्या दशकात राज्यातील अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्याचेही सर्वांनी पाहिले. अभियंता होण्यासाठी आयआयटी हाच एक दरवाजा आहे, हे खरे नाही. बुद्धिमान मुलासाठी वैद्यक आणि अभियांत्रिकी हेच दोन मार्ग आहेत, हेही खरे नाही. विज्ञान संशोधनासाठी आयसर संस्था आहेत. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कृषी, वास्तुकला, भाषा, इतिहास ही क्षेत्रे बुद्धीची वाट पाहत आहेत. राष्ट्रसेवेची ओढ असलेल्यांसाठी खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. त्या परीक्षेच्या पूर्वतयारीसाठी छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची संस्था १९७७ पासून कार्यरत आहे. प्रबोधिनीत २०२२ मध्ये दाखल झालेली मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. दहावीच्या निकालानंतर किती घरांत या वाटांची चर्चा होते?

शासनाची जबाबदारी

विद्यार्थ्यांकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करताना व्यवस्थेनेही प्रामाणिक असले पाहिजे. ५ मे २०२४ रोजी झालेल्या 'नीट'चा निकाल लागला तेव्हा ६७ जणांना पैकीच्या पैकी, म्हणजे ७२० गुण मिळाल्याचे दिसले. १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले. पाटणा आणि हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले. लातूरमध्येही या प्रकरणी अटकसत्र झाले. संपूर्ण परीक्षा दूषित झाल्याचा पुरावा नाही, असे सांगून न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी नाकारली. त्याच वर्षी जून महिन्यात सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा कायदा लागू झाला. त्यात संघटित गुन्ह्यासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास आणि किमान एक कोटी रुपये दंडाची तरतूद आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीने सुधारणाही सुचवल्या. कायदा कठोर असावाच, पण दोन वर्षे पहाटे उठून अभ्यास केलेल्या मुलाचा विश्वास एकदा तुटला, तर तो कोणत्याही कलमाने पुन्हा जोडता येत नाही, याचे भान परीक्षा घेणाऱ्यांनी ठेवावे.

भाषेचा प्रश्नही येथेच मांडला पाहिजे. 'नीट'ची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते, पुढे 'जेईई मेन'चीही मिळू लागली. परंतु अकरावी-बारावीचे विज्ञान महाराष्ट्रात व्यवहारतः इंग्रजीतूनच शिकवले जाते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली हुशार मुलगी अकरावीत पहिले सहा महिने विषयाशी नव्हे, तर भाषेशी झुंजते आणि पुष्कळदा तिची हुशारी त्या झुंजीतच खर्ची पडते. शाळांमध्ये दहावीपर्यंत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. दहावीनंतर मात्र विज्ञान शाखेत गुणांच्या सोयीसाठी मराठी सोडून अन्य विषय घेण्याकडे कल असतो. प्रश्नपत्रिका मराठीत देणाऱ्या व्यवस्थेने उत्तम मराठी पाठ्यपुस्तके आणि ती शिकवणारे शिक्षक दिल्याशिवाय ही सोय कागदावरच राहणार.

वर्ग परत मिळवण्यासाठी

मग करायचे काय? पहिले पाऊल महाविद्यालयांनी उचलले पाहिजे. 'नीट' आणि 'जेईई' यांचा पाया अकरावी-बारावीचाच अभ्यासक्रम आहे. राज्याच्या 'सीईटी'त सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतात, शिवाय चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. कोणत्याही क्लासकडे याहून वेगळे गुप्त ज्ञान नाही. आठवड्यातून एक सराव चाचणी, तिची त्याच आठवड्यात चर्चा आणि शंकांसाठी रोज ठरावीक तास, एवढे जरी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने निष्ठेने केले, तरी अर्धे विद्यार्थी परत येतील. शासनाने रिक्त पदे भरावीत आणि प्रवेशाच्या गुणवत्तेत बारावीला काही प्रमाणात तरी स्थान देण्याचा पुन्हा विचार करावा. निरनिराळ्या मंडळांचे गुण तुल्यबळ करण्याची अडचण खरी आहे, पण ती सोडवता येणारच नाही, असे मानण्याचे कारण नाही.

दुसरी जबाबदारी पालकांची. क्लास लावूच नये, असा आग्रह व्यवहार्य नाही. मात्र क्लास हा महाविद्यालयाला पूरक असावा. त्याची जागा घेणारा नसावा. मुलाला काय आवडते, हे दहावीच्या निकालापूर्वी विचारावे. अकरावी हे विश्रांतीचे वर्ष नव्हे, हे त्याला समजावून सांगावे. बारावीत ऊर फुटेस्तोवर धावण्याची वेळ त्यामुळेच टळते. पाठ्यपुस्तक आधी, मार्गदर्शक पुस्तके नंतर. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या आणि प्रत्येक चुकीची एका वहीत नोंद ठेवायची, ही जुनी रीत आजही उपयोगी आहे. रात्रीची पुरेशी झोप आणि संध्याकाळचा एक तास मैदान, हा चैनीचा भाग नसून तयारीचाच भाग आहे. शेजारच्या मुलाचे गुण जेवणाच्या ताटावर आणू नयेत. आणि पुन्हा एक वर्ष थांबून परीक्षा द्यायची की नाही, हा निर्णय मुलाच्या इच्छेने घ्यावा, चारचौघांतील प्रतिष्ठेसाठी नव्हे.

तिसरी आणि सर्वांत मोठी संधी समाजाची आहे. पुण्यातील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन गरीब आणि ग्रामीण मुलांसाठी 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' या नावाने 'नीट'चे मोफत मार्गदर्शन सुरू केले. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरजवळ कडूस येथे 'दक्षणा' या संस्थेत नवोदय विद्यालयांतील निवडक मुलांची निवासी तयारी विनामूल्य करून घेतली जाते. पाटण्याचे आनंद कुमार यांनी २००२ मध्ये तीस गरीब मुलांना घेऊन सुरू केलेला उपक्रम तर देशाला ठाऊक आहे. वस्तीवस्तीत चालणाऱ्या अभ्यासिकांमधून हे काम आणखी सहज होऊ शकते. तेथे जागा आहे, दिवा आहे, येणारी मुले आहेत. उणीव आहे ती आठवड्यातून दोन संध्याकाळी भौतिकशास्त्र किंवा गणित समजावून सांगणाऱ्या माणसांची. निवृत्त प्राध्यापक, अभियंते आणि नुकतेच या परीक्षांतून पार पडलेले महाविद्यालयीन तरुण प्रत्येक नगरात आहेत. त्यांनी एका अभ्यासिकेतील पाच मुलांची दोन वर्षांची जबाबदारी घेतली, तर ज्या घराला क्लासचे शुल्क कधीच परवडणार नाही, त्या घरातील मुलालाही या स्पर्धेत मान ताठ ठेवून उतरता येईल.

प्रवेश परीक्षा तीन तासांची असते. तिच्यासाठी केलेली तयारी मात्र मुलाच्या स्वभावात उतरते. त्या दोन वर्षांत त्याने खरी हजेरी लावली, स्वतःच्या हाताने प्रयोग केला, चूक झाली तेव्हा ती मान्य केली आणि मागे पडलेल्या मित्राला एखादे उदाहरण समजावून सांगितले, तर निकाल कोणताही लागो, त्याचे काही वाया गेले नाही. उद्या रुग्णाची नाडी याच मुलांच्या हाती असणार आहे आणि पुलाचा आराखडाही तीच काढणार आहेत. त्यांच्या शिक्षणाचा प्रारंभ खोट्या सहीने होऊ नये, एवढी दक्षता तरी या वर्षी दहावीच्या निकालानंतर प्रत्येक घराने घ्यावी.